धूर पाहायला गेले होते

अंदमानला जाऊन आलेल्या मराठी माणसाला पहिला प्रश्न सेल्युलर जेलचाच असतो. सावरकरांची कोठडी पाहिली का? पाहिली. तिथे उभं राहिलं की घसा दाटतो, हे खरं आहे. मग राधानगरच्या किनाऱ्याची चौकशी होते, काचेच्या तळाच्या बोटीची होते, आणि विषय विमानाच्या तिकिटावर येऊन संपतो. ‘बॅरन बेटाला जाऊन आले’ म्हटलं की समोरचा थोडा थांबतो, कारण त्याच्या यादीत ते नाव नसतं.

माझ्या यादीत ते फार आधीपासून होतं. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला एका हायस्कुलात भूगोल शिकवते. ‘भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी कोणता?’ हा एका मार्काचा प्रश्न. पोरं तो कधी चुकत नाहीत, कारण उत्तर दोन शब्दांचं आहे. ‘मॅडम, तुम्ही पाह्यला का तो?’ असं मात्र दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि ते पोरगं बहुतेक शेवटच्या बाकावरचं असतं.

आमच्याकडे फिरायला जायचं ते उलंगवाडी झाल्यावर. कापसाची शेवटची वेचणी आटोपते, तूर घरात येते, हातात थोडे पैसे असतात आणि ऊन अजून चढायचं असतं. नेमका तेव्हाच अंदमानचा समुद्र शांत असतो. सेवाग्रामहून चेन्नईची गाडी धरली, चेन्नईहून विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम् झालं आहे, पण तिथले रिक्षावाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. तिथून पुढे स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. पाण्यात बुड्या मारणाऱ्यांची एक बोट बॅरनकडे निघायची होती. त्यांनी मला घेतलं. वन खात्याची परवानगी, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, फॉर्मवर सह्या, आणि सगळ्यांत ठळक अट अशी की बेटावर पाय ठेवायचा नाही. बोटीतूनच बघायचं, फार तर भोवतालच्या पाण्यात उतरायचं.

मला ही अट आवडली. जिथे माणसाला उतरू देत नाहीत अशी एखादी तरी जागा या देशात असावी.

बोट रात्री निघाली. मला बोट लागली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बोटीचा चालक बंगाली होता, मदतनीस रांचीकडच्या घरातला, दोघंही जन्माने अंदमानचेच. त्या पोराने मला लिंबू दिलं आणि सांगितलं की खाली पाण्याकडे बघू नका, लांब बघा. पण खालीच बघण्यासारखं होतं. बोटीची नाळ पाणी कापत होती तिथे निळसर ठिपके पेटत आणि विझत होते. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव ढवळले गेले की असा उजेड सोडतात, हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, कारण अभ्यासक्रमात नाही. पहाटे उडते मासे दिसले. एकदम पाच-पन्नास वर येतात, पंख ताणून पाण्यालगत सरळ जातात आणि कुठेतरी पुन्हा टुपकन आत.

मग बेट दिसलं. आधी ढग वाटला.

बॅरन पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर. नकाशात ठिपका म्हणून काढलं तरी जास्त होतं. पण पाण्याबाहेर दिसतो तो साडेतीनशे मीटरचा डोंगर हा नुसता शेंडा आहे. समुद्रतळापासून मोजलं तर हा पहाड दोन हजार मीटरच्या वर जातो. भारताचं भूपट्ट ब्रह्मदेशाच्या छोट्या भूपट्टाखाली घुसतं आहे, त्या घुसण्यातून खोलवर खडक वितळतो आणि वर वाट काढतो. ब्रह्मदेशापासून सुमात्रापर्यंतच्या ज्वालामुखींच्या रांगेतला हा एक.

जवळ गेल्यावर बेटाचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसतात. बाहेरून गोल कडा आहे, जुन्या डोंगराची उरलेली भिंत. तिच्यावर झाडी आहे, चांगली दाट. ही भिंत पश्चिमेकडे फुटलेली आहे. बोट त्या फटीसमोर आली की आतलं दोन किलोमीटर रुंदीचं विवर दिसतं, आणि विवराच्या मधोमध राखेचा, खंगरांचा एक करडा-काळा शंकू. त्याच्या तोंडातून धूर येत होता. फार नाही. वारा आमच्याकडे वळला तेव्हा गंधकाचा वास आला आणि बोटीवरचे सगळे एकदम गप्प झाले. शंकूच्या पायथ्यापासून त्या फटीतून थेट समुद्रापर्यंत काळा लाव्हा पसरलेला. गुळगुळीत नाही. वर सगळी खडबडीत, धारदार ढेकळं, एकावर एक रचून सोडल्यासारखी. चालायला गेलं तर चप्पल अर्ध्या तासात फाटेल. त्यावर गवताची काडी नाही.

या ज्वालामुखीची पहिली नोंद १७८७ सालची. पुढची सोळा-सतरा वर्षं तो अधूनमधून पेटत होता. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो शांत झाला, तो जवळजवळ दोनशे वर्षं. लोकांनी त्याला मेलेला धरला. १९९१ च्या मार्चमध्ये तो उठला आणि सहा महिने लाव्हा ओतत राहिला. १९९४-९५ ला पुन्हा, २००५ ला पुन्हा, आणि तेव्हापासून त्याचं अधूनमधून चालूच आहे. २०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं जवळच समुद्रतळाचे नमुने गोळा करत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत शंकूतून राख उसळली. दिवसा राखेचे लोट दिसायचे आणि अंधार पडल्यावर तेच लाल कारंजं होऊन दिसायचं, पाच-दहा मिनिटं चालायचं आणि थांबायचं. आम्हाला असलं काही दिसलं नाही. आमच्या वाट्याला साधा धूर आला.

दोनशे वर्षांची ही शांतता मला तिथे बोटीत बसून फार वेळ छळत होती. कारण त्या मधल्या काळात बेटावर काय काय घडलं ते समोर दिसत होतं. भिंतीवरच्या झाडांत पांढरी कबुतरं बसली होती, पंखांच्या कडा काळ्या, आपल्या पारव्यापेक्षा मोठी. ती फळं खातात आणि समुद्रावरून या बेटावरून त्या बेटावर जातात. त्यांच्या विष्ठेतूनच निम्मं जंगल आलेलं असणार. फळं खाणारी मोठी वटवाघळं आहेत. उंदीर आहेत, ते जहाजांतून आले. आणि बकऱ्या आहेत.

हो, बकऱ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्ट ब्लेअरहून आलेल्या एका आगबोटीने त्या इथे सोडल्या. त्या काळी निर्जन बेटांवर बकऱ्या सोडून ठेवायची पद्धतच होती, जहाज फुटून कुणी खलाशी किनाऱ्याला लागला तर त्याला खायला काही असावं म्हणून. खलाशी आले नाहीत. बकऱ्या राहिल्या, वाढल्या. १९९१ ला ज्वालामुखी उठला तेव्हा बेटावर त्या होत्या, आणि तो निवला तेव्हाही होत्या. आम्हाला वरच्या कड्यावर तीन दिसल्या, दोन काळ्या आणि एक तांबडी. तांबडी खडकाच्या टोकाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि तिच्या मागे धूर निघत होता. तिला त्याचं काही नव्हतं.

दुपारी बुडीवाले खाली गेले. मला त्यांनी चष्मा आणि श्वासाची नळी दिली, जाकीट घातलं आणि काठालगत पाण्यावर तरंगत ठेवलं. मी भावांसोबत विहिरीत पोहायला शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. विहिरीत पोहणाऱ्याला तळ कधी दिसत नाही आणि दिसावा असंही वाटत नाही. इथे तोंड पाण्यात घातलं आणि खाली तीस-चाळीस फुटांवरचा दगड स्पष्ट दिसला, पोटात गोळाच आला.

तो दगड मला ओळखीचा निघाला. काळा, भोकाभोकांचा. लाव्हा निवताना त्यातले वायू निसटतात आणि त्यांचे बुडबुडे होते तिथे पोकळ्या राहतात. किनाऱ्याजवळच्या एका धोंड्याशी मी बराच वेळ थांबले, हातभर अंतरावर. त्याच्या एका भोकातून दोन मिशा बाहेर आल्या होत्या, केसाएवढ्या बारीक, आणि हलत होत्या. कोळंबीसारखं काहीतरी आत राहत होतं. शेजारच्या भोकात एक जांभळट चकती चिकटलेली, नखाएवढी, ते कोवळं पोवळं. त्याच्या बाजूचं भोक रिकामं. त्याच्यापुढच्या भोकात वाळू साचलेली आणि वाळूत आणखी काही हलणारं. एवढ्याशा दगडावर भाडेकरूंची गर्दी. थोड्या खोल पाण्यात पोवळ्यांची मोठी बेटं होती, त्यांच्यावर पोपटमासे चोच मारत होते, त्याचा कटकट आवाज पाण्यात ऐकू येतो. बुडीवाले वर आले ते मांटा रे हा चपटा, मोठा मासा पाहून, हात पसरून पसरून त्याची रुंदी दाखवत होते. मला तो दिसला नाही. माझी तक्रार नाही, माझा धोंडा मला पुरला.

पोवळ्यांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंडोनेशियात बांदा बेटांमध्ये एक ज्वालामुखी आहे, १९८८ साली त्याचा लाव्हा समुद्रात उतरला आणि तिथलं पोवळं पार गाडलं गेलं. पाच वर्षांनी शास्त्रज्ञांनी पाण्यात जाऊन मोजणी केली, तर त्याच नव्या लाव्ह्यावर १२४ जातींची पोवळी आलेली. काही तर ताटासारखी पसरून ९० सेंटिमीटरच्या वर रुंद झालेली. वरच्या दगडावर गवत यायला किती वर्षं लागतील कोण जाणे, पण पाण्याखाली वस्ती पाच वर्षांत होते. मोकळी, घट्ट, स्वच्छ जागा मिळाली की समुद्र वाट पाहत नाही.

बॅरनच्या आणखी उत्तरेला नारकोंडम बेट आहे. तिकडे जाणं झालं नाही, तिथली परवानगी याहून अवघड. तोही ज्वालामुखीच, पण निद्रिस्त, जंगलाने माथ्यापर्यंत झाकलेला. तिथे एक धनेश पक्षी राहतो, तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. सात चौरस किलोमीटरचं बेट आणि साधारण हजारभर पक्षी, एवढाच त्याचा सगळा गोतावळा. आमच्या गावात वडाला फळं आली की राखी धनेश येतात, ‘क्यां’ करून ओरडतात, शेपूट वरखाली करत फांदीवरून फांदीवर जातात. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बारीकशा फटीतून फळं भरवतो. नारकोंडमचा धनेशही हेच करतो. तिथे १९६९ पासून पोलिसांची चौकी आहे. पोलिसांसोबत बकऱ्या गेल्या, त्यांनी रोपं खाऊन जंगलाची पुढची पिढीच थांबवायला घेतली, तेव्हा त्यांना तिथून काढावं लागलं. २०१२ साली तटरक्षक दलाच्या रडारचा प्रस्ताव याच पक्ष्यासाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नाकारला होता, दोन वर्षांनी तो मंजूर झाला. एकाच जातीची जनावरं एका बेटावर कौतुकाची आणि दुसऱ्या बेटावर नको झालेली. बॅरनच्या बकऱ्या तिथल्या झाडीचं काय करत असतील, हा प्रश्नही मग डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर मोबाइलमधले फोटो सगळ्यांनी पाहिले. आमचे मोठेबाबा ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, धुराचा फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘‘इतके पैसे घालून धूर पाह्याले गेलती काय वो बाई? आपल्या इथं पराट्या जाळतेत तवा यापेक्षा जास्त निंगते.’’

मग बकऱ्यांचा फोटो आला. तो त्यांनी मोठा करून पाहिला.

‘‘ह्या कोनाच्या?’’

कोणाच्याच नाहीत, म्हटलं.

‘‘अन् पानी कुठून भेटते यायले?’’

हा खरा शेतकऱ्याचा प्रश्न. बोटीवरच्या कुणालाही तो सुचला नव्हता, मलाही नाही. शोधलं तर उत्तर सापडलं. बकऱ्या समुद्राचं खारं पाणी पितात अशी बरीच वर्षं वदंता होती, नंतर तिथे गेलेल्या अभ्यासकांना बेटावर गोड्या पाण्याचे झरे मिळाले. पाऊस भोकाळ राखेत आणि ढेकळांच्या थरात मुरतो, खाली घट्ट लाव्हा लागला की आडवा सरकतो आणि कुठेतरी बाहेर पडतो. मोठेबाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मंग आपल्यासारखंच झालं ना थे.’’

आपल्यासारखंच. मी शिकवते तेच ते मला सांगत होते.

विदर्भाचा पश्चिमेकडचा सगळा भाग, यवतमाळ, वाशीम, अकोला, बुलडाणा, अमरावती, हा लाव्ह्याचाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो पसरला, एकदा नाही, थरावर थर, आणि आज उरलेलं त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीत तो सगळ्यांत जाड, आमच्याकडे पातळ होत येतो आणि नागपुराजवळ संपतो. नागपूरची सीताबर्डीची टेकडी म्हणजे त्याचीच कड. (लोणारला पोरं ज्वालामुखी म्हणतात. तो नाही. उल्केने याच दगडात पाडलेला खड्डा आहे तो.) २०२१ साली झरी जामणी तालुक्यात रस्त्याच्या कामात खोदताना सहा बाजूंचे, उभे, सुतारकाम केल्यासारखे दगडी खांब निघाले, तेव्हा लोकांना देऊळ सापडल्यासारखं वाटलं. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो आणि असे खांब तयार होतात.

आणि ही भट्टी विझलेली नाही, याची गंमत मला सगळ्यांत जास्त वाटते. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ज्या तप्त ठिकाणाने दख्खनचा लाव्हा ओतला ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फूर्नेझ हा जगातल्या सगळ्यांत जास्त उसळणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक. चूल जागेवरच आहे, भाकरी सरकली. आपण उत्तरेकडे सरकत आलो आणि वाटेत लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशा खुणा मागे राहिल्या. त्या रियुनियनच्या समुद्रात दरवर्षी कुबडे देवमासे पिलं घालायला येतात. त्या तिकिटाचे पैसे माझ्याकडे या जन्मी जमतील असं दिसत नाही, पण नाव लिहून ठेवलं आहे.

आमचा लाव्हा एकाच दमात आला नाही, हे महत्त्वाचं. एक थर आला, निवला, मग पुढचा येईपर्यंत मध्ये हजारो वर्षं गेली. त्या मधल्या वेळात तळी साचली, झाडं आली, बेडूक-गोगलगायी आल्या. मग पुढच्या लाव्ह्याने ते सगळं झाकलं. स्टीफन हिस्लॉप हा नागपुरात राहणारा स्कॉटिश मिशनरी, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे. त्याने १८५० च्या दशकात नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या अशाच गाळात गोड्या पाण्यातले शंख, बिया, किडे दगड झालेले पाहिले आणि त्यांची नोंद केली. वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव आहे, तिथे डायनासोरची हाडं मिळतात आणि त्यांचं शेणही मिळतं, दगड झालेलं. २००५ साली त्या शेणात गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि त्यात भाताच्या कुळाशी नातं सांगणारेही होते. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, असं तोवर मानत होते. चंद्रपूर-भंडाऱ्याकडचा धानकरी हे ऐकून हसेल, पण त्याच्या मातीत भाताच्या सोयऱ्यांची वस्ती त्याच्या बापजाद्यांच्या फार आधीची आहे.

बॅरनवर दोनशे वर्षांची फट होती, त्यात बकऱ्या मावल्या. आमच्या फटी हजारो वर्षांच्या. आणि सध्या आपण ज्या फटीत आहोत तीत कापूस, तूर, सोयाबीन, दारव्ह्याचं एसटी स्टँड आणि माझी शाळा आहे. पुढचा थर इथे येणार नाही, आपण चुलीपासून फार लांब आलो. पण मांडणी तीच आहे. हे वर्गात सांगितल्यावर शेवटच्या बाकावरचं पोरगं म्हणालं, ‘‘म्हनजे मॅडम, आपन भजाच्या आत राह्यतो?’’ मी त्याला रागावले नाही. त्याने वर्गाला हसवून चांगल्या उत्तराची जागा मारली, एवढंच.

यंदा उन्हाळ्यात भावाने वावरात विहीर खोदायला घेतली. पानाड्याने नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली, त्यावर मी काही बोलले नाही, कारण बोलून उपयोग नसतो. वरची काळी माती गेली, मुरूम गेला, मग काळा पाषाण लागला. क्रेन लावली, सुरुंग लावले. वीस फूट झाले, पंचवीस झाले, पाषाण कोरडाच. भावाचा चेहरा रोज लहान होत चालला. विहिरीचं काम घेणारा मिस्त्री मात्र निवांत होता. तो रोज वर आलेला माल हातात घेऊन फोडून बघायचा. एक दिवस ढिगाऱ्यात भोकाभोकांचा दगड आला, आमच्याकडे त्याला मांजऱ्या म्हणतात. मी एक तुकडा उचलला. तेच बुडबुडे, बॅरनच्या पाण्यात पाहिलेले. पण तिथल्या भोकांत मिशा आणि पोवळी होती, इथे प्रत्येक भोक पांढऱ्या स्फटिकांनी भरून बंद झालेलं. पाणी झिरपत राहिलं, क्षार साचत राहिले, भोकं बुजली. पोरं त्यांना गारगोट्या म्हणतात आणि एकमेकांवर फेकतात.

दोन दिवसांनी खालून लाल माल आला, गेरूच्या रंगाचा, हाताला लागणारा.

‘‘झालं,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘हा लाल पट्टा म्हनजे वरचा पाषान संपला. याच्या खाली दुसरा चालू. पानी असन तं इथंच, नाहीतं मंग लय खाली.’’

हा माणूस सातवीपर्यंत शिकलेला. लाल पट्टा म्हणजे खालच्या थराची जुनी, उन्हापावसाने कुजलेली पाठ, जिच्यावर नवा लाव्हा येऊन भाजून गेला, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, ‘‘पन मॅडम, या लालात पानी नसते, त्याच्या वरच्या फुटक्या दगडात असते, काऊन?’’ तो थर चिकणा असतो, पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वर, भोकाळ आणि तडकलेल्या दगडात ते अडून राहतं. ‘‘मले थेच म्हनायचं होतं,’’ तो म्हणाला.

पश्चिमेच्या बाजूने, लालाच्या हातभर वर, झरा लागला. आधी ओल, मग बोटाएवढी धार, संध्याकाळपर्यंत गुडघाभर पाणी. मोठेबाबांना खाटेसकट काठावर आणून बसवलं. भाऊ म्हणतो तीन हॉर्सपॉवरची मोटर बसवू, मिस्त्री म्हणतो पाचची बसवा, झरा वाढणार आहे. वहिनीचं म्हणणं आधी मे महिना जाऊ द्या, पाणी टिकते का ते पाहू, मग दुकानात जा. मी वहिनीच्या बाजूची आहे.